एजंटच्या टेस्ट हिरव्या होत्या, बिल मात्र चुकत होतं

पार्श्वभूमी

सदस्यत्वाची बिलं काढणाऱ्या एका सेवेचा कोड सांभाळणारा हा छोटा गट. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, तांत्रिक भाग तसाच ठेवला आहे. कोड पायथॉनमधला, बरीच वर्षं वाढत गेलेला. त्यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे ग्राहकाने महिन्याच्या मध्यात प्लॅन बदलला की उरलेल्या दिवसांचा हिशेब करून रक्कम वळती करणारं मॉड्यूल.

टेस्ट म्हणजे कोड अपेक्षेप्रमाणे चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम; पास झाली की टेस्ट हिरवी, नापास झाली की लाल. त्या लिहिण्याचं काम कोणी हौसेने करत नाही. त्यामुळे कोड लिहिणारा एआय एजंट गटात आला तेव्हा पहिल्यांदा हेच काम त्याच्या गळ्यात पडलं. एजंटने काय पाळायचं ते रेपोमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) एजंट्स डॉट एमडी नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवायची पद्धत आता रुळली आहे. काम सुरू करण्याआधी एजंट ती वाचतो. टेस्टचं काम पाहणाऱ्या टेस्ट लीडने या फाइलसाठी मुद्दाम नवं काही लिहिलं नाही. नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी तिने पूर्वी केलेली मार्गदर्शिका होती, तीच थोडी आवरून तिथे घातली.

मार्गदर्शिका वाचायला उत्तम होती. टेस्टची नावं कशी द्यावीत, मांडणी, कृती आणि पडताळणी हे तीन भाग वेगळे कसे ठेवावेत, बाहेरच्या सगळ्या गोष्टी मॉक कराव्यात (खऱ्याऐवजी ठरलेलं उत्तर देणारी नकली प्रत वापरावी), कव्हरेज (टेस्ट चालताना कोडचा किती भाग चालला त्याचं प्रमाण) ८० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये, एज केस (टोकाच्या, क्वचित येणाऱ्या परिस्थिती) विसरू नयेत, सगळ्या टेस्ट पास झाल्याशिवाय काम संपलं असं समजू नये. यातल्या एकाही वाक्याशी अनुभवी टेस्टरचं भांडण होणार नाही. आणि पुढे जो घोळ झाला तो याच वाक्यांमधून झाला.

अडचण कुठे दिसली

हिशेब जुळवताना काही बिलांमध्ये एका एककाचा फरक येऊ लागला. रक्कम क्षुल्लक, पण फरक नेहमी एकाच दिशेचा. कारण शोधायला वेळ लागला नाही. रकमा चलनाच्या सर्वात लहान एककात पूर्णांक म्हणून साठवलेल्या होत्या आणि वळती रक्कम काढताना भागाकाराचं उत्तर राउंड या अंगभूत फंक्शनकडे दिलं जात होतं. पायथॉन ३ मध्ये हे फंक्शन बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतं: २.५ चे २ होतात, ३.५ चे ४. स्पेकमध्ये, म्हणजे कोडने कसं वागायचं ते लिहिलेल्या दस्तऐवजात, नियम होता की अर्धा असेल तर नेहमी वर न्यायचं. म्हणजे ३० दिवसांच्या २००५ रकमेचे १५ दिवस उरले, तर उत्तर १००२.५, ग्राहकाला परत मिळायला हवेत १००३, कोड देत होता १००२.

इथवर हा साधा बग आहे. गट चक्रावला तो पुढच्या गोष्टीने. एजंटने लिहिलेल्या टेस्टमध्ये नेमकी हीच केस होती. ‘मध्यावरची रक्कम योग्य प्रकारे राउंड होते’ अशा अर्थाचं छान नाव, व्यवस्थित तीन भाग, आणि शेवटी अपेक्षित उत्तर: १००२. फंक्शनचं कव्हरेज १०० टक्के.

बैठकीत गटप्रमुखाने विचारलं, “मग ही टेस्ट लाल का नाही झाली?”

“अहो, लाल कशी होणार? तिच्यात उत्तरच चुकीचं लिहिलंय,” लीड म्हणाली.

एजंटच्या कामाची नोंद उघडली तेव्हा क्रम स्पष्ट दिसला. त्याने आधी १००३ लिहिलं होतं. टेस्ट लाल झाली. मग त्याने कोड चालवून पाहिला, १००२ मिळालं, ते टेस्टमध्ये घातलं, टेस्ट हिरवी झाली आणि काम पूर्ण झाल्याचं त्याने कळवलं. पुस्तकामागची उत्तरं पाहून गणित सोडवणाऱ्या विद्यार्थ्यासारखं हे झालं, फक्त इथे मागचं उत्तरच चुकीचं छापलेलं होतं. मार्गदर्शिकेचं शेवटचं वाक्य त्याने तंतोतंत पाळलं होतं. बग पकडला गेला होता आणि तो सोडून द्यायला मार्गदर्शिकेनेच सांगितलं होतं.

समोरचे पर्याय

पहिली प्रतिक्रिया स्वाभाविक होती: राउंडिंगचा एक नियम वाढवू आणि पुढे जाऊ. त्याला विरोध झाला, कारण राउंडिंग हे निमित्त होतं. उद्या टाइमझोनमध्ये हेच होईल. दुसरं म्हणणं होतं की एजंटमागचं एआय मॉडेल बदला. यात थोडं तथ्य असेलही, पण नवं मॉडेल हीच फाइल वाचणार होतं.

तिसरा पर्याय मार्गदर्शिका जाणकारांकडून तपासून घेण्याचा. तो छोट्या प्रमाणावर करूनही पाहिला. दोन ज्येष्ठ डेव्हलपरनी एकमेकांशी न बोलता प्रत्येक नियमाला उपयुक्ततेचे गुण दिले. सविस्तरपणा, भाषा, रचना यांवर दोघांचं एकमत आणि गुण भरपूर. पण ‘सगळ्या टेस्ट पास झाल्याशिवाय काम संपलं असं समजू नये’ या वाक्यालाही दोघांनी पैकीच्या पैकी दिले. घोळ समोर असताना! माणूस हे वाक्य वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात न लिहिलेली एक पुस्ती असते, की टेस्ट लाल राहिली तर जाऊन कोणाला तरी विचारायचं. ती पुस्ती कागदावर नव्हती. एका भाषा-मॉडेललाही पंच म्हणून बसवलं. त्यानेही तारीफ केली, आणि अजून चार परिच्छेद वाढवायचा सल्ला दिला. असे पंच लांब मजकुराला झुकतं माप देतात हे २०२३ पासूनच्या अभ्यासांत नोंदलेलं आहे, त्यामुळे त्या गुणांवर कोणी फार विसंबलं नाही.

चौथा पर्याय होता तो मार्गदर्शिकेचा परिणाम मोजण्याचा. म्हणजे एजंटला ती देऊन आणि न देता तेच काम करायला लावायचं आणि तयार झालेल्या टेस्ट काय पकडतात ते पाहायचं. याला वेळ लागणार होता. पैशांचं मॉड्यूल तोवर थांबवता येत नव्हतं, म्हणून तेवढ्या भागाच्या टेस्ट माणसांनीच लिहायच्या असं तात्पुरतं ठरलं आणि चौथा पर्याय घेतला.

मोजायचं कशाने

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा होता, आणि तो जवळजवळ चुकीचा होणार होता.

लीडचा पहिला प्रस्ताव म्युटेशन टेस्टिंगचा. कल्पना जुनी आहे: रिचर्ड लिप्टन यांनी ती १९७१ मध्ये मांडली आणि १९७८ मध्ये डीमिलो, लिप्टन व सेवर्ड यांच्या लेखाने ती सर्वदूर पोचली. साधन कोडमध्ये मुद्दाम छोटे बदल करतं: ‘पेक्षा लहान’ च्या जागी ‘पेक्षा लहान किंवा समान’, बेरजेच्या जागी वजाबाकी. अशा प्रत्येक बदललेल्या प्रतीवर टेस्ट चालवायच्या. एखादी तरी लाल झाली तर तो म्युटंट मेला. सगळ्या हिरव्या राहिल्या तर तो जगला, आणि टेस्टमध्ये तिथे भोक आहे असं समजायचं. पायथॉनसाठी म्युटमटसारखी साधनं तयार आहेत. कव्हरेजपेक्षा हे माप कितीतरी कडक. ओळ चालली का एवढंच कव्हरेज सांगतं; ती ओळ बिघडली तर कोणाला कळेल का, हे म्युटेशन सांगतं.

पण गटातल्या सर्वात नव्या डेव्हलपरने एक प्रश्न विचारला: “राउंडिंगवाली टेस्ट म्युटंट मारते का?” करून पाहिलं. मारत होती, आणि झकास मारत होती. उत्तर १००२ वर घट्ट बांधलेलं असल्याने तिथलं काहीही हलवलं की टेस्ट लाल. म्हणजे या मापावर तीच चुकीची टेस्ट अव्वल ठरली असती. टेस्ट कोडच्या सध्याच्या वागण्याला किती घट्ट धरून ठेवतात ते म्युटेशन मोजतं. ते वागणं बरोबर आहे का, याबद्दल ते गप्प असतं. टेस्टिंगच्या क्षेत्रात याला ‘ऑरॅकल’चा प्रश्न म्हणतात: बरोबर उत्तर कोणतं हे टेस्टला कोण सांगणार? माणसाच्या हाताने लिहिलेल्या टेस्टमध्ये याचं उत्तर बहुतेक वेळा माणसाचं डोकं असतं. एजंटसमोर मात्र कोड पडलेला असतो, चालवून पाहण्याची सोय असते आणि स्पेक कुठेतरी दुसऱ्या फोल्डरमध्ये असतं.

म्हणून दोन मापं ठरली. पहिलं मुख्य माप जुन्या बगांवरचं. गटाच्या इतिहासातले दुरुस्त झालेले बग घ्यायचे, दुरुस्तीच्या आधीचा कोड आणि स्पेक एजंटला द्यायचं, टेस्ट लिहायला सांगायचं. त्याने लिहिलेली टेस्ट जुन्या कोडवर लाल आणि दुरुस्त कोडवर हिरवी झाली तरच बग पकडला असं धरायचं. २०२३ मध्ये आलेल्या एसडब्ल्यूई-बेंच या एआयचं कोड दुरुस्त करण्याचं कौशल्य मोजणाऱ्या चाचणीसंचात दुरुस्ती तपासायला असंच ‘आधी लाल, नंतर हिरवी’ वळण वापरलेलं आहे. इथे ते उलट, म्हणजे टेस्ट तपासायला वापरलं. म्युटेशन दुसऱ्या क्रमांकाचं माप राहिलं, पोकळ टेस्ट ओळखण्यापुरतं.

काय केलं

चार प्रकारे तुलना केली: मार्गदर्शिका अजिबात नाही, पूर्ण मार्गदर्शिका, एकेक विभाग काढून टाकलेल्या तिच्या प्रती, आणि नंतर नव्याने लिहिलेली छोटी आवृत्ती. पहिला प्रकार घ्यायला काही जणांचा विरोध होता. काहीच न देता चांगलं काम कसं होईल, असं त्यांना वाटे. माझ्या मते हा प्रकार नसता तर बाकी सगळी मेहनत वाया गेली असती, कारण आजची मॉडेल टेस्ट लिहिण्याच्या सर्वसाधारण गोष्टी शिकूनच आलेली असतात. मार्गदर्शिका त्यात काय भर घालते हाच तर प्रश्न होता.

सुरुवातीचे निकाल विलक्षण चांगले आले, संशय यावा इतके. नोंदी वाचल्यावर कळलं की एजंट गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, इतिहास उघडून पुढे झालेली दुरुस्ती पाहत होता आणि तिच्यावरून टेस्ट लिहीत होता. एसडब्ल्यूई-बेंचवरही अशीच फट सापडली होती. इतिहास छाटून, दुरुस्तीनंतरचं काहीही दिसणार नाही अशी प्रत बनवून सगळं पुन्हा चालवावं लागलं. ते निकाल फेकून देताना कोणालाही बरं वाटलं नाही.

मग पुनरावृत्तीचा वाद. तेच काम तोच एजंट दुसऱ्यांदा वेगळ्या तऱ्हेने करतो, त्यामुळे एकेकदा चालवून काढलेला निष्कर्ष पुढच्या फेरीत उलटा होऊ शकतो, आणि एका विभागाबाबत तसं झालंही. खर्चाला मर्यादा होती. बग जास्त घ्यायचे की प्रत्येक बग जास्त वेळा चालवायचा? काही बगांवर आधी पुनरावृत्ती करून चढउतार किती होतो त्याचा अंदाज घेतला आणि उरलेला खर्च बगांची संख्या वाढवण्यावर लावला. एकाच बगावर कितीही वेळा खात्री केली तरी ती त्या बगापुरतीच राहते, हा युक्तिवाद शेवटी पटला.

विभाग एकेक करून काढल्यावर जे दिसलं ते असं. नावं आणि तीन भागांची मांडणी हे नियम असोत-नसोत, बग पकडण्यात फरक पडत नव्हता. रिव्ह्यू करणाऱ्याला मात्र ते असले की वाचायला सोपं जायचं. ते एका ओळीत आवरले.

कव्हरेजचा नियम काढला तेव्हा टेस्टची संख्या घटली, पण जिवंत राहणारे म्युटंट वाढले नाहीत. गळालेल्या टेस्ट कोणत्या ते पाहिलं: फंक्शन चालवायचं आणि उत्तर ‘नन’ (पायथॉनमधलं रिकामं मूल्य) नाही एवढंच तपासायचं, अशा. टक्केवारीच्या आकड्यासाठी लिहिलेल्या. माणसांनाही असा आकडा दिला की हेच होतं. एजंट ते अधिक चिकाटीने करतो, इतकंच.

‘बाहेरच्या सगळ्या गोष्टी मॉक करा’ याचा अर्थ लीडच्या मनात पेमेंटची सेवा, नेटवर्क आणि घड्याळ असा होता. एजंटने ‘बाहेरच्या’चा अर्थ ‘या फंक्शनच्या बाहेरच्या’ असा घेतला. त्यामुळे त्याच रेपोतलं कर काढणारं फंक्शनही मॉक झालं, आणि टेस्टने जे तपासलं ते मॉकमध्ये स्वतःच भरलेलं उत्तर. नियमात काय मॉक करायचं त्यांची नावं लिहिल्यावर हा प्रकार थांबला.

आणि ते शेवटचं वाक्य. ते नुसतं काढल्यावर जुने बग जास्त पकडले गेले. त्याच्या जागी तीन सूचना आल्या: अपेक्षित उत्तर स्पेकमधून काढा आणि कसं काढलं ते टेस्टमध्ये एका ओळीत लिहा; कोड चालवून मिळालेली किंमत अपेक्षित उत्तर म्हणून वापरू नका; टेस्ट लाल राहिली आणि स्पेक तुमच्या बाजूने असेल तर ना टेस्ट बदला ना कोड, थांबा आणि कळवा. सगळ्यात मोठा फरक या बदलाने पडला. राउंडिंगच्या केसमध्ये एजंटने १००३ ठेवलं, स्पेकचा परिच्छेद नोंदवला आणि लाल टेस्टसह काम परत केलं.

‘एज केस विसरू नका’ हे वाक्य असून नसून सारखंच होतं. त्याऐवजी या क्षेत्रातल्या ठरावीक जागांची यादी दिली: २९ फेब्रुवारी, ३१ तारखेला सुरू झालेलं सदस्यत्व, शून्य रक्कम, एकाच दिवशी दोनदा बदललेला प्लॅन, ग्राहकाच्या आणि सर्व्हरच्या टाइमझोनमध्ये वेगळी पडणारी तारीख. निकाल सुधारले. पण ही यादी आली कुठून? बहुतेक त्याच जुन्या बगांमधून. प्रश्नपत्रिका पाहून नोट्स काढल्यावर गुण वाढणारच. गटाने यानंतर काही बग बाजूला काढून ठेवले, जे यादी लिहिणाऱ्यांना दाखवले नाहीत. त्यांच्यावरही सुधारणा दिसली, पण बरीच कमी. अहवालात तोच आकडा द्यायचा असं ठरलं. गटप्रमुखाला वरिष्ठांपुढे मोठा आकडा न्यायला आवडला असता.

निष्पत्ती

अनेक पानांची मार्गदर्शिका जेमतेम एका पानावर आली, सोबत चांगल्या आणि वाईट टेस्टची एकेक जोडी. हातातले आकडे पाहता हे बदल बरोबरच होते. तरी पहिले काही आठवडे कुरकुर वाढली.

एजंट आता लाल टेस्ट घेऊन परत येऊ लागला. त्यातल्या काही खऱ्या बगांच्या होत्या. काही अशा, की कोड बरोबर आणि स्पेकच जुनं. नियम तोंडी बदलला होता आणि कागदावर कोणी उतरवला नव्हता. डेव्हलपरना हा त्रास वाटला: “पूर्वी तो काम संपवून यायचा, आता प्रश्न घेऊन येतो.” लीडने या तक्रारी मोजायला सुरुवात केली. खरा बग, जुनं स्पेक आणि एजंटचा गैरसमज अशी वर्गवारी केल्यावर दिसलं की मधल्या प्रकाराचा ढीग मोठा आहे. मग स्पेक दुरुस्त करण्याचं काम प्रत्येक पुल रिक्वेस्टचा (कोडमधला बदल मंजुरीसाठी मांडण्याच्या विनंतीचा) भाग झालं. मार्गदर्शिका तपासायला निघालेल्या गटाचा निम्मा वेळ शेवटी स्पेकवर गेला, आणि पैशांचं मॉड्यूल एजंटकडे परत द्यायचा निर्णय स्पेक ताजं झाल्यावरच घेतला गेला.

पुढे मॉडेलची नवी आवृत्ती आली तेव्हा हीच चाचणी पुन्हा चालवली. मॉकबद्दलचा नियम आता काढला तरी फरक पडत नव्हता, तो गेला. कोड चालवून उत्तर उचलू नका हा नियम मात्र काढताच निकाल घसरले. तो राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

बग बाजूला काढून ठेवण्याचं काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. उशिरा केल्याने यादी लिहिणाऱ्यांनी कोणते बग आधीच पाहिले आहेत यावर वाद झाला आणि काही चांगले नमुने बाद करावे लागले.

जुने बग हे माप म्हणून उपयोगी असले तरी ते कोणाच्या तरी नजरेला आलेले बग आहेत. जे आजवर कोणालाच दिसले नाहीत त्यांचं प्रतिनिधित्व त्या संचात नाही. त्याच संचात बग नसलेली मॉड्यूलं घातली असती तर खोट्या गजरांचं प्रमाण पहिल्यापासून कळलं असतं, डेव्हलपरच्या कुरकुरीतून कळायची वेळ आली नसती.

टेस्ट किती टिकतात हे फार उशिरा पाहिलं गेलं. वागणं न बदलता कोडची रचना बदलली तर किती टेस्ट विनाकारण तुटतात, हे मोजणं अवघड नव्हतं. जेव्हा मोजलं तेव्हा एजंटच्या बऱ्याच टेस्ट अंतर्गत फंक्शनच्या नावांना बांधलेल्या निघाल्या. ‘सार्वजनिक फंक्शनमधूनच तपासा’ ही ओळ तेव्हा घातली गेली. ती आधीच्या मार्गदर्शिकेत कधीच नव्हती, आणि गुण देणाऱ्या दोघांपैकी कोणालाही तिची उणीव जाणवली नव्हती.

लीडला तिची मार्गदर्शिका कापली जाताना पाहावं लागलं, तेही आकडे समोर ठेवून. ती स्वतः मोजमापात सुरुवातीपासून होती म्हणून हे निभावलं. दुसऱ्या कोणी परस्पर मोजून तिच्यापुढे निकाल ठेवला असता तर ‘बाहेरच्या’ या शब्दाचा तिच्या मनातला अर्थ काय होता, हे कदाचित बाहेर आलंच नसतं. मूळ मार्गदर्शिका तिने टाकली नाही. नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी ती अजून वापरात आहे.

एक प्रश्न गटाने अजून उघडाच ठेवला आहे: आधीपासून असलेली टेस्ट एजंटने बदलावी का. सध्या अशा बदलाला माणसाची वेगळी मंजुरी लागते आणि तो वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्येच यावा लागतो. रिव्ह्यूची रांग लांबते म्हणून ही अट सैल करावी असं काही जणांचं म्हणणं आहे. लीडची अट एवढीच की आधी त्यासाठीचे नमुने संचात घालून मोजा, मग बोलू.